मुलाचा चाचणी अहवाल आम्हाला न विचारता शाळेला पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
संचालक / तक्रार निवारण अधिकारी,
मानसशास्त्रीय चाचणी व शैक्षणिक मार्गदर्शन केंद्र,
ठाणे शाखा.

विषय: मुलाची व कुटुंबाची खाजगी माहिती परस्पर उघड केल्याबाबत.

महोदय / महोदया,

माझा मुलगा चौथीत आहे. वाचताना त्याच्या ओळी सुटतात, फळ्यावरचे उतरवून घेताना निम्मे राहते, तोंडी विचारले तर मात्र धडाधड उत्तरे देतो. शाळेतल्या बाईंनी सुचवले म्हणून आम्ही त्याला अध्ययन अक्षमतेच्या चाचणीसाठी तुमच्याकडे आणले. चाचणीबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच लिहिते. ज्या मॅडमनी चाचण्या घेतल्या त्यांनी अजिबात घाई केली नाही, मुलगा कंटाळला तेव्हा तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी बोलावले, आणि अहवालाखाली भारतीय पुनर्वास परिषदेचा (अशा तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा) आपला नोंदणी क्रमांकही लिहिला. तक्रार आहे ती त्यानंतर तुमच्या कार्यालयाने त्या अहवालाचे काय केले, याची.

तो अहवाल जोडपत्रांसकट, जसाच्या तसा, तुमच्या कार्यालयाने शाळेच्या ई-मेलवर पाठवून दिला. आम्हाला विचारले नाही, कळवलेही नाही. मला ते कळले ओपन डेला. मागे इतर पालक रांगेत उभे होते आणि वर्गशिक्षिका आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या गोळ्या अजून चालू आहेत का हो? आणि मिस्टरांचं काम लागलं का कुठे?" बाई मनाने चांगल्या आहेत, काळजीपोटीच विचारत होत्या. पण माझ्या गोळ्यांबद्दल मी माझ्या सख्ख्या नणंदेलाही सांगितलेले नाही. मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी काय ऐकले, ते मला अजून माहीत नाही.

ही माहिती कुठून गेली, हे शोधावे लागले नाही. पहिल्या भेटीत तुमच्याकडे केस हिस्टरीचा लांबलचक फॉर्म भरून घेतात. गरोदरपण कसे गेले, बाळ जन्मल्याबरोबर रडले का, कावीळ किंवा फिट्स झाल्या होत्या का, चालायला-बोलायला कधी लागला, घरात कोणाला मानसिक आजार, व्यसन, नवराबायकोचे पटते का, कमावते कोण. हे प्रश्न विचारायलाच हवेत, हे मला पटते. मुलाची अडचण नजरेमुळे आहे, ऐकण्यामुळे आहे, बुद्ध्यांकामुळे आहे की घरच्या ताणामुळे, हे एकेक बाजूला केल्याशिवाय अध्ययन अक्षमता म्हणता येत नाही, असे मॅडमनीच समजावले होते. म्हणून आम्ही दोघांनी खरे सांगितले. बाळंतपणानंतर मला आलेले नैराश्य, त्यावरचे उपचार, यांची नोकरी गेल्यानंतरचे घरातले वातावरण, सगळे. "हे इथेच राहतं," असे आम्हाला त्या खोलीत सांगितले गेले, आणि मॅडमनी ते प्रामाणिकपणेच सांगितले असणार. त्या खोलीबाहेर कार्यालयाचा कारभार वेगळाच चालतो, हे बहुधा त्यांनाही माहीत नसावे.

यातले एक पान तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मुलाकडून वाक्ये पूर्ण करून घेतात ती चाचणी. अर्धे वाक्य छापलेले असते, उरलेले मुलाने मनाला येईल तसे लिहायचे. त्याच्या हाताने भरलेला तो मूळ कागद स्कॅन करून अहवालाला जोडलेला आहे. भीती कशाची वाटते या अर्थाच्या वाक्यापुढे त्याने लिहिले आहे, "बाबा फोन ठेऊन भिंतीकडे बघत बसतात तेव्हा." वेलांट्या चुकलेल्या, 'भिंतीकडे' दोनदा खोडून पुन्हा लिहिलेले. हे त्याने आम्हालाही कधी सांगितले नव्हते. एका अनोळखी पण प्रेमळ बाईंना सांगितले, कारण तिथे कोणी रागावणार नाही असे त्याला वाटले. आता ते त्याच्या चित्रकलेच्या सरांनीही वाचले आहे. शाळेच्या समन्वयकांनी अख्खी पीडीएफ त्याला शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. फाइलला पासवर्ड नव्हता आणि 'गोपनीय' असा साधा शिक्काही नव्हता. शाळेशी मी वेगळे बोलते आहे. त्यांची चूक त्यांच्या पदरात. पण फाइल शाळेच्या हाती तुम्ही दिलीत.

शाळेला खरे तर काय हवे होते? जास्तीत जास्त एक पान. लेखी परीक्षेत याला थोडा जादा वेळ द्या, शुद्धलेखनाचे गुण कापू नका, जमेल तिथे तोंडी विचारा, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद द्या, पुढच्या बाकावर बसवा. एवढ्यावर बाईंचे काम भागते. त्यासाठी माझे बाळंतपण त्यांना ठाऊक असण्याची गरज नाही. पुढे दहावीला बोर्डाची सवलत हवी असेल तर सरकारने नेमून दिलेल्या रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, खाजगी केंद्राचा अहवाल तिथे चालत नाही. म्हणजे 'शाळेला कागदपत्र म्हणून लागतो' ही सबबही टिकत नाही.

तुमच्या व्यवस्थापकांशी मी फोनवर बोलले. त्यांचे पहिले उत्तर, "मॅडम, तुम्ही कन्सेंट फॉर्मवर सही केली आहे." तो फॉर्म मी नंतर मागून घेतला. बारीक टायपात, इंग्रजीत, काउंटरवर फी भरताना पावतीबरोबर पुढे सरकवलेला. शेवटून दुसऱ्या ओळीत म्हटले आहे की आवश्यकतेनुसार संबंधित व्यक्ती व संस्थांना माहिती दिली जाऊ शकते. कोणाला, कोणती, कशासाठी, किती काळ, यातले काहीच नाही. शाळेचा उल्लेखही नाही. माहितीच्या सुरक्षेबाबतचे 2011 चे नियम माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43अ खाली आलेले आहेत आणि त्यांत मानसिक आरोग्याची स्थिती व वैद्यकीय इतिहास ही संवेदनशील माहिती मानली आहे. अशी माहिती गोळा करताना ती कशासाठी घेतली जाते आणि कोणाकडे जाणार आहे, हे देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, असे त्यातला नियम 5 सांगतो. तुमच्या त्या एका ओळीतून मला यातले काय कळणार होते?

त्यांचे दुसरे उत्तर मला जास्त झोंबले. "डेटा प्रोटेक्शनचा नवा कायदा अजून पूर्ण लागू व्हायचा आहे." डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, हे मीही वाचले आहे. पण ही मुदत तयारीसाठी दिलेली आहे. तोवर वाटेल तसे वागायला मोकळीक आहे असा अर्थ तुम्ही काढत असाल, तर 2011 चे नियम आजही आहेत आणि ते कंपनीलाच नव्हे, एकट्याच्या मालकीच्या व्यवसायालाही लागू होतात. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा 2019 आहेच. विश्वासाने दिलेली ग्राहकाची वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे, ही त्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मी फी भरून सेवा घेतली, पावती माझ्याकडे आहे.

अध्ययन अक्षमता हा मानसिक आजार नव्हे, दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये ती स्वतंत्रपणे नमूद आहे, हे मला कळते. पण त्या अहवालात माझ्या आजाराचा परिच्छेद आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 कलम 23 मध्ये गोपनीयतेचा हक्क देतो, आणि त्याला दिलेले अपवाद मोजके आहेत: उपचार करणारे इतर तज्ज्ञ, कोणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, अशा प्रकारचे. त्यांत चौथीच्या वर्गशिक्षिका बसत नाहीत. मी तुमची रुग्ण नव्हते, असे तुमचे वकील म्हणतील. म्हणू देत. मग तुमची रुग्ण नसलेल्या बाईच्या गोळ्यांची माहिती तुम्ही कोणत्या अधिकाराने पाठवलीत, याचेही उत्तर त्यांनीच द्यावे.

आता इन्स्टाग्रामचे. तुमच्या केंद्राच्या पानावर 'तुमच्या मुलाचे अक्षर असे आहे का?' अशी पोस्ट आहे आणि खाली माझ्या मुलाच्या निबंधाचा फोटो. वर कोपऱ्यातले नाव काळ्या पट्टीने झाकले आहे, तेवढी दक्षता घेतलीत. पण निबंधाचा विषय 'माझी शाळा', आणि पहिल्याच ओळीत शाळेचे पूर्ण नाव, तिसऱ्या ओळीत त्याच्या बाकावरच्या मित्राचे नाव. त्या मित्राच्या आईनेच मला लिंक पाठवली. हा निबंध चाचणीसाठी लिहून घेतला होता, जाहिरातीसाठी नाही. दुसऱ्याचे मूल पट्टी मारून दुकानाच्या काचेत उभे करायचे, तर निदान त्याच्या आईबापांना विचारायचे.

बाकी गोष्टी थोडक्यात. काउंटरवरून "आयक्यूवाले कोण?" अशी हाक येते आणि सगळी बाके वळून बघतात. अहवाल आम्हाला कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून आला. तो फोन उद्या हरवला किंवा त्याने नोकरी सोडली तर आत किती मुलांचे अहवाल असतील? आणि अहवाल हाती आल्यानंतर काही दिवसांतच एका हस्ताक्षर सुधार वर्गाचा फोन आला, "तुमच्या मुलाला डिसग्राफिया निघालाय ना?" हा नंबर तुमच्याकडूनच गेला असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, हा शब्द तोवर आमच्या घरात, तुमच्या केंद्रात आणि शाळेत, एवढ्याच ठिकाणी होता. चौकशी तुम्हीच करायची आहे.

मला भरपाईच्या रकमेत आज रस नाही. पोस्ट आजच्या आज काढावी. शाळेला लेखी पत्र देऊन पाठवलेला अहवाल मागे घ्यावा, सर्व शिक्षकांच्या फोनमधून व मेलमधून तो काढून टाकायला सांगावे आणि त्याऐवजी फक्त शिफारशींचे एक पान द्यावे; ते पान पाठवण्यापूर्वी मला दाखवावे. आमच्या फाइलमध्ये काय काय आहे त्याची पूर्ण प्रत, आणि आजवर ती कोणाला, कधी, कोणाच्या सांगण्यावरून दिली त्याची यादी मला हवी आहे. शाळेला माहिती देण्याबाबत तुम्ही गृहीत धरलेली संमती मी या पत्राने काढून घेत आहे. 2011 च्या नियमांत तशी लेखी मुभा आहे. वाक्यपूर्तीचा तो कागद आणि केस हिस्टरीचा फॉर्म मॅडमच्या ताब्यात कुलपात राहावा, कार्यालयाच्या सामाईक संगणकावर नको.

आणखी एक, ही मागणी नाही, सूचना आहे. प्रत्येक मुलाचे दोन कागद करा: पूर्ण अहवाल पालकांच्या हाती, शाळेसाठी वेगळे एक पान, आणि ते शाळेत न्यायचे की नाही हे पालक ठरवतील. संमतीपत्र मराठीत करा आणि ते फी भरताना नव्हे, मॅडमच्या खोलीत, त्यांच्यासमोर भरून घ्या. नवा कायदा लागू झाला की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत सूचना देण्याची सोय तुम्हाला ठेवावीच लागणार आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत आईवडिलांची पडताळलेली संमतीही त्या कायद्यात आहे. तुम्हाला त्यातून कुठे सूट मिळते ते तुमचे सल्लागार बघतीलच. मुलाचा निबंध जाहिरातीत छापायची सूट मिळेल असे मला वाटत नाही.

तक्रारीचे निवारण एका महिन्यात व्हावे, असे 2011 च्या नियमांत आहे. तेवढा काळ मी थांबेन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करेन, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, नोंद आजच करत आहे. त्या मॅडमवर यातले काही ढकलू नये, ही विनंती. मुलगा त्यांच्याकडे पुन्हा जायला तयार आहे आणि मला त्याला न्यायचेही आहे, पण तुमचे लेखी उत्तर आल्यावरच.

या पत्रात मुलाचे, माझे आणि शाळेचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही, कारण हे पत्र तुमच्याकडे किती हातांतून जाईल याची मला खात्री नाही. केस क्रमांक व पत्ता सोबतच्या बंद पाकिटात आहे. ते पाकीट तक्रार निवारण अधिकाऱ्यांनीच उघडावे. उत्तर त्या पत्त्यावर, नोंदणीकृत टपालाने पाठवावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये.

आपली,
एक पालक

सोबत: फीच्या पावतीची प्रत, संमतीपत्राची प्रत, पोस्टचा स्क्रीनशॉट, बंद पाकीट.