पाणंद रस्ते नकाशात तुटू नयेत

संपादक महोदय,

हवाई छायाचित्रांतून पाणंद रस्ते संगणकाने शोधण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात प्रत्येक पिक्सेल रस्त्याचा आहे का हे ठरवतात आणि मिळालेला पट्टा बारीक करून मध्यरेषा काढतात. दुसऱ्यात माहीत असलेल्या बिंदूपासून रेषा टप्प्याटप्प्याने पुढे नेतात. पहिला बाभळीच्या सावलीत तुटतो, मुरमाड पडीक रानालाही रस्ता समजतो. दुसरा सावली ओलांडतो, पण एकदा बांधावर चढला की चुकतच जातो.

सुरुवात पहिल्यानेच करावी. चित्राचे तुकडे पाडताना कडा एकमेकींवर चढू द्याव्यात, नाहीतर जोडावरच रस्ता हरवतो. तुटलेली टोके एका दिशेत असतील आणि अंतर झाडाच्या घेराएवढेच असेल, तरच सांधावीत.

तपासणी केवळ पिक्सेल मोजून करू नये, हे आम्ही आग्रहाने सांगतो. ९९ टक्के पिक्सेल जुळूनही ओढ्यावरचा एक फरशी पूल सुटला, तर वस्तीची वाटच खुंटते. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या स्पेसनेट रस्ते-शोध स्पर्धेत लास व्हेगास, पॅरिस, शांघाय आणि खार्टूमच्या उपग्रहचित्रांसाठी वेगळे माप वापरले गेले: दोन ठिकाणांमधल्या वाटेची लांबी खऱ्या रस्त्यांच्या जाळ्याशी ताडून पाहायची. पाणंदींनाही तेच लावावे.

– नकाशाशास्त्रातील काही अभियंते