पाला वाळेपर्यंत

चि. बाळ,
प्रभूच्या नावात आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, देवाच्या टेबलावर माझी फाइल पार तळाला गेलीय." मम्मीला हसू आलं, मला मात्र रात्रभर ते टोचत राहिलं. मुख्य परीक्षेचा निकाल पुन्हा पुढे गेला, बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या. जीव कासावीस होणारच. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

तू सातवीत असतानाची हळद आठवते का? अक्षय्य तृतीयेला लावली होती, म्हणजे काढायला फेब्रुवारी उजाडायला हवा होता. पण डिसेंबरात मला पैशांची नड लागली आणि बाजारही तेजीत होता. पाला निम्मा हिरवा असताना मी कापायला लावला. मम्मी "थांबा" म्हणत होती, मी ऐकलं नाही. ओले गड्डे बघून खूश झालो, चांगले भरलेले दिसत होते. काहिलीत शिजवली, खळ्यावर पसरली आणि मग रोज सकाळी ती आदल्या दिवसापेक्षा बारीक झालेली दिसायची. हळकुंडांवर सुरकुत्या पडल्या. पक्की हळद असेल तर शंभर किलो ओलीची वाळून वीस किलो तरी उतरते. माझी पंधरासुद्धा भरली नाही. सांगलीच्या यार्डात सौद्याला एका व्यापाऱ्याने त्यातलं एक हळकुंड मोडलं, आत बघितलं आणि काही न बोलता पोत्यात टाकून पुढे गेला. तो न बोलता गेला, तेच मला जास्त लागलं.

पाला वाळत असतो तेव्हा त्यातलं सत्त्व खाली कंदात उतरत असतं. बांधावरून बघणाऱ्याला शेत उजाड दिसतं, पण भरण्याचं काम तेव्हाच चालू असतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. धीर नव्हता.

त्या वर्षी मी बायबलातली अब्राहामाची गोष्ट पुन्हा वाचली. उत्पत्तीच्या 16व्या अध्यायाच्या शेवटी तो 86 वर्षांचा आहे आणि 17व्याच्या पहिल्याच ओळीत 99 वर्षांचा. आपण पान न उलटता पुढे वाचतो, त्याची मात्र मधे तेरा वर्षं गेली. त्या तेरा वर्षांत देव बोलल्याची एक ओळही तिथे नाही. आणि 86व्या वर्षी इश्माएल झाला तो कसा, तर देवाने कबूल केलेल्या मुलाची वाट बघता बघता सारा आणि अब्राहाम, दोघांचाही धीर सुटला म्हणून, सारेच्या दासीच्या पोटी. त्या घाईची किंमत भरली त्या दासीने, हागारेने, घराबाहेर काढल्यावर पाण्याची एक पखाल खांद्यावर घेऊन रानात. माझ्या घाईची किंमतही मी एकट्याने भरली नाही. त्या वर्षी तुझ्या मम्मीच्या पाटल्या गेल्या, हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

"देवाची वेळ आली की होईल" म्हणत हात बांधून बसणं मला कधीच पटलं नाही. हळद नऊ महिने जमिनीत असते, पण त्या नऊ महिन्यांत भरणी करावी लागते, तण काढावं लागतं, कंदकुजीवर डोळा ठेवावा लागतो. फक्त उकरून बघायचं नसतं. तू अभ्यास चालू ठेव, शिकवणीची मुलंही सोडू नकोस.

आणि चिडलीस तर देवाजवळच चीड. लाजर आजारी आहे असं कळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. तो आला तेव्हा मार्थाने त्याला तोंडावर सांगितलं, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभू तिच्यावर रागावला नाही. ते दोन दिवस तो का थांबला, हे मी पाळकांना अनेकदा विचारलंय. उत्तर ऐकतो, तेवढ्यापुरतं पटतं, पण दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसलो की प्रश्न पुन्हा येतो.

तुझ्या काकासाठी मी रोज प्रार्थना करतो, हे तुला ठाऊक आहे. बांधावरून भांडण झालं त्याला सोळा वर्षं झाली. अजून तो आपल्या दारात आलेला नाही. दिवाळीला गेल्या वर्षी मी त्याच्या घरी गेलो, त्याने पाणी दिलं, बोलला नाही. पाणी दिलं, एवढं मी धरून आहे.

इकडे पाला पिवळा पडायला लागलाय. अजून विळा लावलेला नाही. काहील चढेल तेव्हा दोन दिवस ये. शिजली का नाही ते काडी टोचून तूच बघ, लहानपणी बघायचीस तसं. मम्मी तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवतेय.

तुझा,
पप्पा