बाबांच्या वाटीतले कच्चे मूग

हॅम्बुर्ग, १४ जानेवारी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला लागले की बाबा विषय बदलतात, म्हणून लिहिते आहे. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवीन. आई, तू मोठ्याने वाचून दाखव.

आधी तुझ्या कामाचं. वालांना एकदाचे मोड आले! अलिबागला तू रात्री फडक्यात बांधलेस की दुसऱ्या संध्याकाळी तयार. इथे तीन दिवस लागले. पहिल्या खेपेला नुसते टम्म फुगून बसले, चौथ्या दिवशी बुळबुळीत होऊन आंबूस वास सुटला. गणपतीत तू बांधून दिलेले कडवे वाल कचऱ्यात टाकताना जीव कसा झाला, ते तुला सांगायला नको. या वेळी ओव्हन बंदच ठेवला, आतला दिवा तेवढा लावला. रोवळी नाही, म्हणून चाळणीत फडकं. आज कोमट पाण्यात टाकून सोलायला बसले. चिमटीत दाबला की डाळिंबी टुणकन उडून थेट फ्रीजखाली. तुझ्या परातीबाहेर कधी एक गेली नाही.

आता बाबा. समुद्रावर फिरायला येणाऱ्या मंडळींचं ऐकून तुम्ही रोज वाटीभर मोडाचे मूग कच्चेच खाता म्हणे, वर लिंबू पिळून. मोड आले की क जीवनसत्त्व वाढतं आणि शिजवलं की त्यातलं काही जातं, हे मान्य. जाऊ दे ना. पेरू खा.

२०११ च्या मे महिन्यात इथेच, उत्तर जर्मनीत, मोठी साथ आली होती. हजारो लोक आजारी, रक्ताचे जुलाब, शेकडोंची मूत्रपिंडं बंद पडलेली, आणि पन्नासाहून जास्त माणसं गेली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला. शेवटी सापडलं काय, तर कच्चे मोड! बोट ठेवलं गेलं ते इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांवर. मी तेव्हा इथे नव्हते, पण ऑफिसातली एक बाई अजून सॅलडमधले मोड वेचून बाजूला काढते.

यात हात न धुण्याचा प्रश्न नाही, आईचं फडकं तर रोज उकळलेलं असतं. जंतू दाण्यावरच येतात, सालीच्या चिरेत बसतात, धुऊन पुरते जात नाहीत. आणि मोडांना जी ऊब नि ओल लागते, तीच त्यांनाही मानवते. एकाचे दोन दिवसांत लाखो. तरण्या माणसाचं पोट एखाद वेळी निभावून नेईल. तुम्ही बहात्तरचे आहात.

तेव्हा मूग सोडू नका, पण झाकण ठेवून चांगले वाफवून, गरमगरम खा. लिंबू नंतर. मोड आल्यावर लगेच करायचे नसतील तर फ्रीजमध्ये. वास आला, चिकट लागले, की सरळ फेकायचे. ‘धुऊन घेतो’ नाही. आणि गणंग निवडून काढा, गेल्या वर्षी दातावरची कॅप एका मटकीनेच गेली होती.

आई, आमसूल डाळिंब्या शिजल्यावरच घालायचं ना? मागे आधी घातलं तर तासभर शिजवूनही टणकच राहिल्या. उद्या बिरडं करणार आहे, त्याआधी सांग.

तुमची,
चिऊ