धुनेला माणसाचं नाव देताना: आमच्या फिडलच्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,

तुमच्या गुरुवारच्या फिडलवर्गातल्या (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) आम्हा सगळ्यांचं हे आभाराचं पत्र. मुद्दाम मराठीत लिहितोय. गावातल्या माणसाच्या नावाने धून बांधायची ही स्कॉटिश रीत आपल्या लोकांनाही कळावी. भेटल्यावर तुम्हाला सगळं वाचून दाखवू.

शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देणाऱ्या आजींच्या निवृत्तीसाठी बांधलेली जिग, म्हणजे नाचाची जलद धून, तुम्ही तपासून दिलीत. आठव्या बारभोवती पेन्सिलीने गोल होता. जिग सहा-आठच्या मापाची: एका बारात, म्हणजे लिहिलेल्या धुनेच्या एका मोजलेल्या तुकड्यात, सहा क्वेव्हर, म्हणजे सहा छोट्या मात्रा. आमची धून समेआधी एक क्वेव्हर उचलत होती, आणि तरी शेवटचा बार सहाच्या सहा क्वेव्हरांनी भरलेला. मग परत सुरुवातीला येताना एक क्वेव्हर जास्त होतो आणि नाचणाऱ्यांचं पाऊल अडखळतं. शेवटच्या बारात पाचच ठेवायचे, सहावा उचलीचा. समेआधी मुखडा उचलण्याची आपल्याला सवय आहे, पण कागदावर हा हिशेब आमच्या ध्यानात आला नव्हता.

दुसरी खूण त्याहून मोलाची. आम्ही दर बारात नवी कल्पना कोंबली होती. आठ बारांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, असे बत्तीस बार. त्यात खरी नवी रचना दहाच बारांची पुरते, हे तुम्ही मोजून दाखवलंत. पहिले दोन बार पाचव्या-सहाव्यात परत आणायचे, दुसऱ्या भागातही तसंच, आणि दोन्ही भागांचे शेवटचे दोन बार सारखे. म्हणजे दुसऱ्यांदा ऐकणाराही सोबत वाजवू लागतो. दुसरा भाग आपल्या अंतऱ्यासारखा वर चढवायचा, पण ई तारेवर करंगळीने मिळणाऱ्या बी सुरापर्यंतच. त्यापुढे हात सरकवावा लागतो आणि नवशिके मागे पडतात. आजींना ओळखणारे बहुतेक नवशिकेच आहेत.

पाइपरला, म्हणजे बॅगपाइप वाजवणाऱ्यालाही, वाजवायची असेल तर हात आणखी आखडावा लागतो. हायलँड पाइपच्या चँटरवर, म्हणजे बोटांनी धून वाजवायच्या नळीवर, नऊच सूर: लो जी ते हाय ए. वारा थांबवता येत नाही, त्यामुळे लागोपाठचे दोन सारखे सूर एक होतात. मध्ये ग्रेसनोट, म्हणजे आपल्या कणासारखा निसटता सूर, घालावाच लागतो. आणि खाली ड्रोन, म्हणजे एकच सूर देणाऱ्या नळ्यांचा आवाज, तानपुऱ्यासारखा अखंड ए धरून असतो, तेव्हा धून त्याच्याशी पटणारी हवी.

प्रकाराची निवडही तुमच्यामुळे सुधारली. आजींसाठी आम्ही संथ एअर, म्हणजे गाण्यासारखी सावकाश धून, घेणार होतो. तुम्ही म्हणालात, त्या तर तरातरा चालतात! पर्थशायरचा फिडलवादक नील गाउ याने १८०५ मध्ये दुसऱ्या बायकोच्या मृत्यूनंतर बांधला तो विलाप; निवृत्तीला तो सूर कशाला?

शीर्षकाबद्दलचा तुमचा आग्रह आता पटतो. स्कॉटलंडच्या बेनबेक्युला बेटावरच्या क्रीगोरीत इयन मॅक्लाकलन यांनी एका डॉक्टरांच्या निरोपासाठी धून बांधली. आज ती ‘द डार्क आयलंड’ म्हणून सगळीकडे वाजते. डॉक्टरांच्या नावाचं मूळ शीर्षक फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून आजींच्या प्रतीवर शीर्षकाखाली कोणासाठी, का आणि कोणत्या तारखेला हे ठळक लिहिलंय. नाव पक्कं करण्याआधी तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन जुन्या वादकांना ऐकवली, नकळत कुणाची धून उचलली नाही ना, याची खात्री करायला.

गुरुवारी पाच क्वेव्हरांचा आठवा बार वाजवून दाखवू.

तुमचे,
गुरुवारचे विद्यार्थी