कोकराच्या उंचीवर बसून गोठा बघायला शिकवलंत, काका

काका, सप्रेम नमस्कार.

कळपातली शेवटची गाभण मेंढी व्याली, दोन्ही कोकरं उठून प्यायला लागली आणि पहिली आठवण तुमची झाली. समोर आलात की आभाराचा शब्द तुम्ही तोंडातून निघूच देत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मेंढी साधारण पाच महिने, म्हणजे 147 ते 150 दिवस गाभण राहते. विणीला बराच अवकाश होता तेव्हाच तुम्ही आलात आणि आल्या आल्या फावडं हातात घेतलंत. गोठ्यातला अंथरलेल्या काडाचा जुना थर तळापर्यंत उपसला, भिंती घासून धुतल्या, मग जंतुनाशक मारलं. लेंड्यांचा लेप राहिला तर औषध जंतूंपर्यंत पोहोचतच नाही, असं तुम्ही कोपरे खरवडता खरवडताच सांगत होतात. जमीन ठणठणीत वाळेपर्यंत मूठभर काडही आत येऊ दिलं नाहीत. नंतर चुन्याची हलकी भुरभुर आणि वर जाड काड. चुना कुठे उघडा राहिला तर ओल्या कातडीला आणि सडांना भाजतो, म्हणून हाताने चाचपून पाहिलंत.

काड निवडताना तर मी बघतच राहिले. प्रत्येक गठ्ठ्याच्या मधोमध हात खुपसायचा, मूठभर उपसून नाकाशी न्यायचं. बुरशीचा जरासा वास आला की गठ्ठा बाहेर! लाकडाचा भुसा आयता होता, पण विणीच्या कप्प्यात तो नको म्हणालात: ओल्या कोकराच्या अंगाला, नाकातोंडाला चिकटतो. गव्हाचं काड पोकळ असतं, ओल खाली उतरते, वरचा थर कोरडा राहतो आणि नळ्यांत अडकलेली हवा ऊब धरते.

सगळं झाल्यावर म्हणालात, "आता गुडघे टेकून बस." बसले. गुडघे ओले झाले तर काड कमी. नाकाला झिणझिण्या आल्या, डोळे चुरचुरले तर खाली मुताचा अमोनिया साठलाय. उभ्या माणसाला कळत नाही, कोकरू मात्र तीच हवा घेतं. तिथे बसल्यावरच दाराच्या फटीतून येणारा वाऱ्याचा झोतही लागला. तुम्ही खालची फट बुजवलीत आणि छपराखालच्या झडपा मात्र उघड्याच ठेवल्यात, दमट हवा वरून निघून जावी म्हणून.

एवढा आटापिटा कशासाठी, ते विणीत समजलं. कोकराच्या अंगात सुमारे 39 अंश सेल्सिअस ऊब असते, पण जन्मतः ते ओलंचिंब असतं. ओल्या जमिनीवर पडलं की ती ऊब झरझर जाते. गारठलेलं कोकरू उठत नाही, उठलं नाही की सड धरत नाही, आणि चीक चुकतो. मेंढीच्या वारेतून पिल्लाला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातूनच यायची, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाने घटत जाते. कास घाणीने माखलेली असेल तर चिकाआधी जंतूच पोटात जातात.

एका रात्री जुळ्यांतलं धाकटं फारच लुकडं निघालं. आई थोरल्याला चाटत होती. हे काडात पोटापर्यंत रुतलेलं, कान गार, तोंडात बोट घातलं तर आतून अजून उबदार. काड कोरडंठाक होतं. मी त्याच काडाच्या बोळ्याने त्याला चोळलं, सडाचा चीक मोकळा करून तोंडाशी धरलं, नाळेला आयोडीन लावलं. थोड्या वेळाने शेपटी हलू लागली. तुम्ही तिथे नव्हतात, पण त्या कप्प्यातलं सगळं तुमच्या हातचं होतं.

मेंढी व्याली की वार आणि भिजलेलं काड हातमोजे घालून उचलायचं, गरोदर बाईने त्या कामाला जवळही यायचं नाही, हा तुमचा दंडक आम्ही मोडलेला नाही. रोज वर काडाचा ताजा थरही पडतो आहे.

आता खालचा थर उपसायला झालाय. दाबून मुरलेलं, चांगलं खत होईल. त्याची पहिली खेप तुमच्या शेतात येणार आहे. पैसे घेतले नाहीत, निदान याला तरी नाही म्हणू नका.

तुमची ऋणी,
शेजारची मेंढपाळ