ताजमहाल दिसते, मग आपलं लोणार काहून नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

व्हर्च्युअल टूर, व्हीआर (डोळ्यांना हेडसेट लावून जागेवर असल्यासारखं बघणं), डिजिटल पर्यटन यावर हल्ली पेपरात बरंच छापून येतं आणि वाचताना असं वाटतं की हे सगळं मोठ्या शहरातल्या लोकांचं काम आहे, खेड्यातल्या माणसाला त्याचं काय. मी मेहकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते आणि मला नेमकं उलटं वाटतं. ज्या लेकराच्या बापाला सोयाबीनचे पैसे हातात आल्याशिवाय सहलीची फी भरता येत नाही, त्याच लेकराला याची जास्त गरज आहे. पत्र थोडं लांबलं आहे, जमलं तर पूर्ण छापावं ही विनंती.

आमच्या शाळेत लोकवर्गणीतून टीव्ही आला. लाईट असली आणि माझा मोबाईल खिडकीत ठेवून हॉटस्पॉटला रेंज धरली की आम्ही लेकरांना जग दाखवतो. ताजमहाल दाखवला, इजिप्तचे पिरॅमिड दाखवले, पॅरिसचं लूव्र म्युझियम दाखवलं. बाण दाबला की पुढं सरकायचं, बोटानं ओढलं की छत दिसायचं, लेकरं अगदी खाली मांडी घालून मान वर करून बघतात, जसं काही खरंच त्या घुमटाखाली बसली आहेत. मग सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपलं लोणार काहून नाही याच्यात?" शोधलं तर लोणार सरोवराचे लोकांनी टाकलेले सुटे ३६० फोटो, म्हणजे चारी बाजूंनी फिरवून बघायचे फोटो, निघाले, एकात कोणाचं तरी अर्धं डोकं, एकात नुसता काठ, खाली उतरायची वाट नाही, देवळं नाहीत, आणि मराठीत दोन वाक्यं सांगणारं तर कोणीच नाही. गुगलनं २०२२ च्या जुलैमध्ये भारतात स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे नकाशावर रस्ते चारी बाजूंनी दाखवणं, पुन्हा सुरू केलं तेव्हा पहिल्या १० शहरांत मुंबई होती, पुणे होतं, नाशिक आणि अहमदनगर होतं, विदर्भातलं एकही नाव नव्हतं, नागपूरसुद्धा नाही. कंपनी तिचा धंदा बघणार, तिच्यावर राग नाही. पण आपलं आपल्याला करायला कोणी अडवलंय का? माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या जिल्ह्यांतला वारसा आपण स्वतः, आपल्या भाषेत, आपल्या पोरांच्या हातानं चित्रित करावा, आणि तोही लवकर.

लवकर काहून म्हणते ते लोणारवरून सांगते. लोणार म्हणजे उल्का पडून काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये झालेलं विवर, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, जगभरातले शास्त्रज्ञ त्यासाठी इथं येतात. त्याचं वय आधी ५२ हजार वर्षं धरत होते, नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीनं तपासलं तर ते साडेपाच लाखांच्याही पुढं गेलं. २०२० च्या जून महिन्यात त्याचं पाणी गुलाबी झालं, खारटपणा वाढून त्यातले मिठात जगणारे सूक्ष्मजीव वाढले होते, आणि काही दिवसांतच तो रंग गेलासुद्धा. त्याच वर्षी लोणारला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. अलीकडं पाणी इतकं चढलं की काठावरच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत आलं. आता विचार करा, गुलाबी पाण्याच्या वेळी, त्याच्या आधी, आणि आता पाणी चढल्यावर, काठावरच्या त्याच त्याच जागी उभं राहून चारी बाजूंचं चित्र तारखेसकट घेऊन ठेवलं असतं तर विज्ञानाच्या तासाला मला फळ्यावर काय समजवावं लागलं असतं? तीन चित्रं एकामागं एक लावली असती आणि लेकरांनीच सांगितलं असतं पाणी कुठवर होतं, कुठवर आलं, कोणतं देऊळ बुडलं. व्हाट्सॲपवर फिरलेल्या फोटोंतून हे होत नाही, त्यात जागा कळत नाही अन् तारीखही कळत नाही.

आणि ज्यांना उतरता येत नाही त्यांचं काय? धारेवर, म्हणजे गोमुखाजवळ, माझ्या सासूबाई दरवेळी पायऱ्यांवर बसून राहतात, गुडघे साथ देत नाहीत. तरुणपणी त्या नवरात्रात कमळजेच्या दर्शनाला चालत खाली गेलेल्या आहेत, बाभळीच्या जंगलातून, मोरांचे आवाज ऐकत, पाण्याचा तो उग्र वास नाकात घेऊन. आता खालचं त्यांना पुन्हा दिसायचं नाही. त्यांच्यासारखी किती माणसं असतील तालुक्यात. त्यांना टीव्हीवर तरी ती वाट दाखवता आली पाहिजे, आणि खरं म्हणजे त्या वाटेवर काय काय होतं हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घेतलं पाहिजे, कारण लोणार गावातल्या दैत्यसुदन मंदिराच्या भिंतीवर कोणती मूर्ती कोणाची हे पुस्तकात सापडेल, पण कोणत्या दिवशी कोणत्या गावची माणसं कोणत्या वाटेनं यायची हे पुस्तकात नाही.

अजिंठ्याचं सांगते. अजिंठा तसा मराठवाड्यात, पण सोळा नंबरचं लेणं कोणी कोरून घेतलं? वाकाटक राजा हरिषेणाचा प्रधान वराहदेव यानं, तसा शिलालेखच आहे तिथं. आणि हरिषेण ज्या शाखेचा त्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशिम! वाशिमच्या बसस्टँडवर उभ्या असलेल्या पोराला हे कोणी सांगतं का? प्रत्यक्ष गेलं तर लेण्यात उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो, चित्रांना इजा नको म्हणून, फ्लॅश चालत नाही, मागून गर्दी ढकलत असते, गाईड दोन मिनिटांत पुढं नेतो. मी वर्गात त्याच लेण्यातलं मरणासन्न राजकुमारीचं चित्र मोठं करून दाखवलं, तिची खाली कललेली मान, जड झालेल्या पापण्या, तिला मागून धरून ठेवणारी दासी, आणि मागच्या बाकावरची पोरं, जी इतिहासात कधी बोलत नाहीत, ती विचारायला लागली की हिला काय झालं. नवरा नंद संसार सोडून भिक्षू झाल्याची बातमी आली म्हणून, असं सांगितलं तर वर्ग एकदम शांत झाला. पडद्याचा हा फायदा प्रत्यक्ष भेटीतसुद्धा मिळत नाही हे मी स्पष्ट लिहिते. पण त्याच्यासोबतचं सांगणं इंग्रजीत होतं, ते म्यूट करून मला स्वतःला बोलावं लागलं.

काही लोक म्हणतात, घरी बसून दिसलं तर येणार कोण, गाईडचं, चहावाल्याचं, ऑटोवाल्याचं पोट कसं भरणार. काळजी खरी आहे, ती उडवून लावू नये. पण लूव्र इतकी वर्षं ऑनलाईन दिसतं आणि २०२४ मध्ये तिथं ८७ लाख लोक प्रत्यक्ष गेले. माणूस स्क्रीनवर बघतो तेव्हाच त्याला जावंसं वाटतं. उलट आपल्याकडं लोक येत नाहीत ते माहिती नसल्यामुळं, पायऱ्या किती, वर बाथरूम आहे का, म्हाताऱ्या आईला नेता येईल का, एसटी कुठवर जाते, हे कळलं तर नागपूर-अमरावतीचं कुटुंब गाविलगड, नरनाळा या किल्ल्यांवर, मार्कंड्याच्या देवळांना मुक्कामी जाईल. आणि टूरमध्ये आवाज गावातल्या गाईडचा घ्या, त्याचं नाव द्या, मोबदला द्या, म्हणजे ऐकणारा आल्यावर त्यालाच शोधेल.

आता जळण्या-पडण्याचं. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चला १५ एप्रिल २०१९ ला आग लागली, छप्पर गेलं, शिखर कोसळलं. त्याच्या काही वर्षं आधी अँड्र्यू टॅलन नावाच्या कलेच्या इतिहासाच्या प्राध्यापकानं ते चर्च आतून-बाहेरून लेझरनं मोजून ठेवलं होतं, अब्जावर बिंदू. तो बिचारा आग लागायच्या काही महिने आधीच वारला, पण त्याचं मोजमाप दुरुस्तीच्या कामी आलं आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये चर्च पुन्हा उघडलं. गुजरातेत पाटणच्या राणी की वाव या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीचं असं लेझर स्कॅनिंग २०११ लाच झालं आहे. आपल्याकडं वैनगंगेच्या काठावर मार्कंडा देवची देवळं आहेत, विदर्भाचं खजुराहो म्हणतो आपण त्यांना कौतुकानं, ऊन, पाऊस, विजा सगळं सोसत उभी आहेत. आमच्या शेजारच्या सिंदखेडराजात २०२४ मध्ये लखुजीराजे जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या कामात शेषशायी विष्णूची केवढी मोठी मूर्ती निघाली! आठ दिवस प्रत्येकाच्या स्टेटसला तीच होती. पण मूर्ती कुठल्या थरात होती, तिच्या भोवती कोणते दगड कसे पडलेले होते, ते शाळेतल्या लेकराला आज फिरून बघता येईल असं काही आहे का? खोदकामाचा थर एकदा काढला की संपला, तो परत लावता येत नाही, म्हणून तिथं तर रोजच्या रोज चारी बाजूंचं चित्रण व्हावं आणि ते लोकांसाठी खुलं असावं.

हे फार महाग किंवा अवघड काम आहे असंही नाही. लेझर स्कॅनिंग महाग आहे, ते सरकारनं करावं. पण ३६० कॅमेरा म्हणजे पुढं-मागं दोन गोल भिंगं, दोन्हीचे फोटो जोडून एक लांबट चित्र तयार होतं, रुंदी उंचीच्या दुप्पट, आणि पॅनेलमसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर ते टाकून त्यात खुणा, आवाज, माहिती लावता येते. पॉलिटेक्निकच्या, इंजिनिअरिंगच्या पोरांना हे सुट्टीत शिकवता येईल, ज्यांना आज गावात काम नाही त्यांना उद्या लग्नाच्या हॉलचं, शेतनिवासाचं असं चित्रण करून चार पैसेही मिळतील.

फक्त एक करू नका, हेडसेट वाटू नका. एका शाळेत मी पाहिले आहेत, खोक्यात बंद, चार्जर हरवलेले, आणि ज्या मोबाईलवर लावायचे त्या स्वस्तातल्या मोबाईलमध्ये गायरोस्कोपच, म्हणजे मोबाईल कुठं वळला हे ओळखणारा भागच नाही, म्हणजे मान वळवली तरी चित्र जागचं हलत नाही. वर्गात एक मोठा पडदा आणि बोलणारा माणूस पुरतो. दुसरं, सगळं कंपनीच्या भरवशावर ठेवू नका. गुगलचं एक्सपिडिशन्स नावाचं ॲप शाळांसाठीच होतं, २०१५ पासून शिक्षक त्यावर सहली घडवत होते, २०२१ च्या जूनमध्ये ते बंद झालं. मूळ फाईली जिल्ह्याच्या ग्रंथालयात, शाळांच्या पेनड्राईव्हवर, नेट नसलं तरी चालतील अशा असल्या पाहिजेत. आमच्याकडं पावसाळ्यात टॉवर चार-चार दिवस बंद असतो, हे मुंबईत बसून योजना करणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आणि सगळंच दाखवायचं नसतं हेही कळलं पाहिजे. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या गावात, गडचिरोलीत माडिया आदिवासींच्या देवस्थानात कॅमेरा घेऊन घुसण्याआधी गावाला विचारा, ग्रामसभा नाही म्हणाली तर विषय संपला. देवळाच्या गाभाऱ्याचंही तसंच.

आता अडचण कुठं आहे ते सांगते. लोणारपुरतं बघा, सरोवराचा परिसर अभयारण्य, तिथं वनविभाग. दैत्यसुदन मंदिर पुरातत्त्व खात्याचं, आणि संरक्षित वास्तूत मोबाईलनं फोटो काढलेला चालतो पण ट्रायपॉड उभा केला की परवानगी लागते, आणि ट्रायपॉडशिवाय हे काम नीट होत नाही. गावातले रस्ते नगरपरिषदेचे. म्हणजे शाळेनं एका दिवसाच्या चित्रणासाठी तीन ऑफिसांच्या पायऱ्या चढायच्या, शिक्षकानं रजा टाकून. जिल्हाधिकारी कार्यालयानं शाळा-कॉलेजांसाठी एकच अर्ज आणि एकच खिडकी ठेवली, ठराविक दिवसांत हो किंवा नाही कळवलं, तर उन्हाळ्याच्या सुट्टीतच सुरुवात होऊ शकते. जवळच्या कॉलेजची काही मुलं यायला तयार आहेत, सासूबाईंसारखी चार-पाच जुनी माणसं बोलायला तयार आहेत, कॅमेरा भाड्यानं मिळतो. पहिला अर्ज आमच्या शाळेकडून द्यायला मी तयार आहे, तो कोणत्या टेबलावर द्यायचा तेवढं आपल्या पेपरातून संबंधितांनी जाहीर करावं.

आपली,
एक शिक्षिका,
ता. मेहकर, जि. बुलडाणा