सूचना : रविवारची बैठक मनाविषयी

सर्व सदस्यांना नमस्कार,

येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या खोलीत बसू. व्यसन सुटल्यानंतर मनाचं काय होतं, यावरच बोलायचं आहे.

दारू सुटली तरी कित्येक आठवडे, काहींना महिनोन्‌महिने झोप लागत नाही. चहाचा कप जरा जोरात ठेवला तरी डोकं भडकतं, कशातच गोडी वाटत नाही. मेंदू सावरायला वेळ घेतो. पुन्हा घसरण्याचा धोका या काळात मोठा असतो, म्हणून कृपया बैठक चुकवू नका.

• इथलं बोलणं बाहेर जाणार नाही.
• बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं ऐका.
• मानसोपचाराच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर रविवारपर्यंत थांबू नका. रात्री-अपरात्रीही आपल्या जोडीदार सदस्याला फोन करा, एकटे राहू नका आणि लगेच दवाखाना गाठा.